शवासनात डोळे उघडे ठेवले तरी चालतं!

एडीएचडीवाल्यांनो, "मन शांत करा" ऐकून तुमचंही डोकं भणभणतं का? माझं तर अंबाजोगाईत योगेश्वरीच्या देवळातली घंटा वाजली की शवासन संपलंच!

मग बी. के. एस. अय्यंगारांची योगपद्धत सापडली. पुण्यात त्यांची संस्था १९७५ पासून आहे. पट्टा, ठोकळे, लोड, खुर्ची, भिंत यांच्या आधारानं आसन करायचं. अंग कुठं टेकलंय ते नेमकं कळतं. माझ्यासारख्याला तेच हवं असतं. घरी पट्ट्याऐवजी जुनी ओढणी चालते.

भ्रामरी प्राणायामातला गुंजारव काहींना सोसत नाही. नको वाटला तर सोडा. एडीएचडीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

आणि शवासनात आजीची जाड वाकळ अंगावर घ्या. तिच्या वजनानं पाय वळवळायचे थांबतात. (माझे तरी. उन्हाळ्यात मात्र विसरा, बीडचं ऊन आहे ते!)