पतंग, कागदाची पट्टी आणि बेर्नुली

गुजरातच्या सीमेलगत वसलेल्या नंदुरबार शहरात संक्रांतीच्या सुमारास पतंग उडू लागतात. उड्डाणाच्या प्रेरणांचा घरच्या घरी अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून सोयीचे साधन मिळणे कठीण. वाऱ्याची उचल, त्याची ओढ, पतंगाचे वजन आणि दोऱ्याचा ताण यांचा येथे समतोल साधलेला असतो. विमानात जे कार्य इंजिनाच्या रेट्याचे, ते येथे ताण करतो.

मात्र हाच पतंग आपल्या एका रूढ समजुतीस छेद देतो. पंखाचा माथा फुगीर असल्याने वरून जाणाऱ्या हवेची वाट लांब. ती खालच्या हवेबरोबरच पलीकडे पोहोचते, म्हणून तिचा वेग अधिक व, बेर्नुलीच्या 1738 मधील सिद्धांतानुसार, दाब कमी, असे आपण शिकलो व, खेदाने म्हणावे लागते, शिकवीतही आलो. पतंगाच्या पातळ कागदाच्या दोन्ही अंगांची लांबी तर सारखीच! शिवाय वरची हवा खालचीबरोबर पोहोचते, हे गृहीतच निराधार आहे. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 मध्ये वातबोगद्यातील धुराच्या रेषांवरून दाखविले की, वरची हवा आधीच पुढे निघून जाते.

आता 20 सेंटिमीटर लांब व 5 सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी ओठांखाली धरून तिच्यावरून फुंकावे. लोंबणारे टोक वर येते. कागदाचे वजन दर चौरस मीटरला 60 ग्रॅम असल्यास ते तोलण्यास सुमारे 0.6 पास्कल इतका, म्हणजे वातावरणीय दाबाच्या पावणेदोन लाखांव्या अंशाएवढा, दाबातील फरक पुरतो. हा प्रयोग बेर्नुलीचा पुरावा म्हणून दाखविण्याचा प्रघात आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. तीच पट्टी सरळ उभी लोंबती धरून एका अंगाने, कागदाला समांतर फुंकावे (फुंकर तिरपी पडता कामा नये). पट्टी फुंकरीकडे ओढली जात नाही. वेग तर दोन्ही वेळी होताच; पहिल्या वेळी अधिक होते ते वळण. मोकळ्या फुंकरीतील दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो, आणि तिची ऊर्जा फुप्फुसांतून आलेली असल्याने तिची तुलना पलीकडील स्थिर हवेशी बेर्नुलीच्या समीकरणाने करता येत नाही. प्रवाह वक्र पृष्ठाला बिलगून वळतो, तेव्हा वळणाच्या आतील बाजूस दाब घटतो. बेर्नुली चुकला नाही. आपण त्याला भलत्या जागी साक्षीस बोलाविले.

वळणाची ही क्रिया डोळ्यांनी पाहावयाची असल्यास नळाच्या बारीक धारेला चमच्याची फुगीर पाठ लावावी. चमचा सैल धरल्यास तो धारेत खेचला जातो आणि धार चमच्याच्या टोकापाशी विरुद्ध दिशेस वळून बाहेर पडते.