पाळी चुकतेय? ताटाकडेही पाहा

म्हसवड परिसरातील कॉलेजला जाणारी एखादी मुलगी. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. वजन वाढलेले, हनुवटीवर राठ केस, मानेची कातडी काळवंडलेली. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओएस’ लिहिलेले दिसते आणि घरात पहिला प्रश्न उठतो, ‘हिच्या लग्नाचे कसे होणार?’ मग तो कागद कपाटात जातो आणि उपचार मागे पडतात.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या नोंदींसह या विकाराचे वर्णन केले. आज साधारण दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते यातील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे वाढ अर्धवट थांबलेली बीजे. तो कर्करोग नव्हे.

बऱ्याच जणींमध्ये या विकाराच्या मुळाशी इन्सुलिनचा गोंधळ असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके वाढवायला लावते. परिणामी बीज पिकत नाही आणि पाळी लांबते.

इथे आतड्यांचा संबंध येतो. मोठ्या आतड्यातील अब्जावधी जिवाणू आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यावर जगतात. त्यातून ते जी आम्ले तयार करतात, ती आतड्याचे अस्तर मजबूत ठेवतात आणि इन्सुलिनच्या कामाला मदत करतात. चोथा कमी पडला की अस्तर कमकुवत होते, जिवाणूंचे विषारी अंश रक्तात उतरतात, शरीरात मंद दाह सुरू होतो आणि इन्सुलिनचा गोंधळ वाढतो. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यातील जिवाणू उंदरांमध्ये सोडले, तेव्हा त्या उंदरांमध्येही तशीच लक्षणे दिसली. मात्र माणसांवरचे प्रयोग अजून छोटे आहेत. त्यामुळे महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर पैसे घालवण्याची घाई नको.

माणदेशाला याचे उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. कमी पावसाच्या या भागाने पिढ्यान् पिढ्या बाजरी, ज्वारी, मटकी आणि हुलगा खाल्ला. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, ज्वारीत १० ग्रॅम. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमही नसतो. हुलग्याचे माडगे, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक हे सगळे घरचेच. पण सकाळी चहा-खारी आणि दुपारी वडापाव आला, तशी भाकरी ‘गरिबाचे खाणे’ ठरून मागे पडली. अर्थात भाकरी कितीही खावी असा याचा अर्थ नाही. एखादी भाकरी कमी करून उसळ आणि भाजी वाढवावी. चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर पोट फुगते.

कोणताही एकच आहार सर्वांत चांगला, असे सिद्ध झालेले नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरले, तरी अनेकींची पाळी सुधारते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे हवेच.

ताटातला बदल हा औषधाला पर्याय नाही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी दीर्घकाळ न येण्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. मेटफॉर्मिन सुरू असेल तर ते जेवणाबरोबर घ्यावे. पोट बिघडले तरी स्वतःहून बंद करू नये.

आणि लग्नाच्या प्रश्नाचे उत्तर: पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना, गरज पडल्यास गोळ्यांच्या मदतीने, मूल होते. म्हणून तो कागद कपाटातून बाहेर काढा आणि मुलीला घेऊन दवाखान्यात जा.