विश्लेषण : काटेच नसलेल्या ‘दगडी’ निवडुंगाची जगभर चोरी का होते?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून बिग बेंड हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या चुनखडीच्या उतारांवर एक वनस्पती अशी आहे की तिच्यावर पाय ठेवून माणूस पुढे निघून जातो, तरी त्याला पत्ता लागत नाही. रंग आजूबाजूच्या खड्यांसारखा करडा-हिरवा, पृष्ठभाग भेगाळलेला, उंची जवळपास शून्य. इंग्रजीतील तिच्या नावाचा अर्थच ‘जिवंत खडक’ असा आहे. वर्षातले दहा-अकरा महिने ती दगड म्हणूनच जगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र या ‘दगडा’च्या मधोमध गडद गुलाबी फूल उमलते आणि लपलेल्या झाडाचा ठावठिकाणा उघड होतो.

हा निवडुंग म्हणजे एरिओकार्पस. तो चोरून परदेशात विकल्याच्या प्रकरणात अमेरिकी वन्यजीव यंत्रणेने काही वर्षे तपास केला. त्यात तीन हजारांहून अधिक झाडे जप्त झाली आणि दोषींना एक लाख डॉलरहून जास्त दंड व भरपाई भरावी लागली. ना मोठे फळ, ना लाकूड, ना औषधाची मोठी बाजारपेठ. मग या झाडात आहे तरी काय?

एरिओकार्पस म्हणजे नेमके काय?

एरिओकार्पस ही निवडुंग कुळातील एक प्रजाती असून तिच्यात सहा ते सात जाती मोडतात. आकडा नक्की नाही, कारण ‘ट्रायगोनस’ला स्वतंत्र जात मानायचे की ‘रेट्यूसस’ची उपजात, यावर वनस्पतीशास्त्रज्ञांचे एकमत नाही. प्रजातीला हे नाव १८३८ मध्ये शाइडवायलर या वनस्पतीशास्त्रज्ञाने दिले. सगळ्या जाती मेक्सिकोतल्या. त्यातली फक्त ‘फिशुरेटस’ सीमा ओलांडून टेक्सासमध्ये पोहोचली आहे आणि बिग बेंडमधला ‘जिवंत खडक’ तो हाच.

‘निवडुंग’ म्हटले की आपल्यासमोर बांधावरचा फड्या किंवा त्रिधारी येतो. (त्रिधारी हा खरे तर निवडुंगच नाही. तो शेराच्या कुळातला, चीक येणारा. फड्या मात्र अस्सल निवडुंग, पण तोही मूळचा अमेरिकेतला.) एरिओकार्पसचे रूप या दोघांशी जुळत नाही. त्याचे खोड जमिनीलगत चपटे असते आणि त्यावर त्रिकोणी, जाड गाठी चक्राकार रचलेल्या असतात. मधोमध लोकरीसारखा पांढरट पुंजका. काटे नाहीत, असलेच तर अगदी कोवळ्या रोपाला नाममात्र. जपानमध्ये ‘रेट्यूसस’ला ‘खडकावरचे पिओनी फूल’ आणि ‘फिशुरेटस’ला ‘कासवाच्या पाठीचे पिओनी’ अशा अर्थाची नावे आहेत. फिशुरेटसच्या भेगाळ गाठी पाहिल्या की हे दुसरे नाव किती नेमके आहे ते कळते.

काट्यांशिवाय हे झाड वाळवंटात टिकते कसे?

पहिले शस्त्र म्हणजे न दिसणे. दुसरे म्हणजे चव. या झाडात हॉर्डेनिनसारखी अल्कलॉइड द्रव्ये असतात (हेच द्रव्य बार्लीच्या कोंबातही सापडते). ती कडू असल्याने जनावरे सहसा तोंड लावत नाहीत.

तिसरी युक्ती जमिनीखाली आहे आणि तीच सर्वांत विलक्षण आहे. एरिओकार्पसला गाजरासारखे जाड सोटमूळ असते. त्यात पाणी आणि अन्न साठवले जाते. पण हे मूळ आकुंचनही पावते, म्हणजे दोरी खेचल्यासारखे झाडाला खाली ओढून घेते. लॉस एंजेलिसमधील ऑक्सिडेंटल कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फिशुरेटसची रोपे अशी वर्षाला ६ ते ३० मिलीमीटर खाली सरकू शकतात. झाड वर वाढते आणि मूळ त्याला तेवढेच खाली खेचते. म्हणून ते कायम जमिनीच्या पातळीत राहते.

याचा फायदा काय? उन्हाळ्यात वाळवंटाचा पृष्ठभाग तव्यासारखा तापतो. अभ्यासात दिसले की खाली खेचले जाणे एकटे पुरेसे नाही. सभोवती दगडगोटेही लागतात. खडकाळ मातीत खाली रुतलेली रोपे उष्णतेत तगली, नुसत्या वाळूतली दगावली. म्हणजे दगडासारखे दिसणे हा केवळ वेश नव्हे, खरे दगड शेजारी असणे ही त्याची गरज आहे. उपटलेले झाड दुसरीकडे नुसतेच खोचून का चालत नाही, याचे एक उत्तर इथे आहे.

श्वासही ते रात्रीच घेते. इतर निवडुंगांप्रमाणे दिवसा रंध्रे बंद ठेवायची, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न बनवायचे. पाणी वाचते, पण वाढीचा वेग पडतो.

वाढ किती संथ?

बी पेरून वर्ष उलटले तरी रोप हरभऱ्याच्या दाण्याच्या आसपासच असते. रोपवाटिकेत, वेळेवर पाणी आणि निगा मिळूनही, पहिले फूल यायला आठ-दहा वर्षे सहज जातात. रानात तर पाऊस येईल तेव्हा वाढायचे. तळहाताएवढा फिशुरेटस दिसला तर तो कित्येक दशकांचा आहे असे समजावे. ज्याने तो उपटला त्याच्यापेक्षा झाडाचे वय जास्त असणे अगदी शक्य आहे.

चोरीचे मूळ याच संथपणात आहे. एरिओकार्पसचे बी दुर्मीळ नाही. थायलंड, जपान आणि युरोपातील रोपवाटिका हजारो रोपे तयार करतात. ‘गॉडझिला’ नावाचा खडबडीत गाठींचा वाण तर थायलंडच्या बाजारात भरपूर दिसतो. घाई असणारे लोक आंब्याचे करतात तसे कलमही करतात. पेरेस्किओप्सिस नावाच्या झपाट्याने वाढणाऱ्या निवडुंगाच्या खुंटावर इवलेसे रोप बसवले की ते काही पटींनी वेगाने फुगते. पण असे झाड गुबगुबीत, हिरवेगार आणि एकसारखे दिसते. काही संग्राहकांना हवे असते ते उन्हाने रापलेले, टवके उडालेले, वाकडे वाढलेले जुने झाड. रोपवाटिका झाड बनवू शकते, पन्नास वर्षे बनवू शकत नाही. ती फक्त रानात मिळतात.

सर्वाधिक धोका कोणाला?

सगळ्या जाती सारख्या अडचणीत नाहीत. फिशुरेटस आणि रेट्यूसस बऱ्याच विस्तृत पट्ट्यात आढळतात. प्रश्न छोट्या टापूत अडकलेल्या जातींचा आहे. ‘स्कॅफिरोस्ट्रिस’ नुएव्हो लेऑन राज्यातील मोजक्या जागी वाढतो. ‘अगावॉइडिस’ प्रामुख्याने तामाउलिपास राज्यातील तुला गावाच्या परिसरातला. लांब निमुळत्या गाठींमुळे तो छोट्या घायपातासारखा दिसतो आणि स्थानिक नावही त्याच अर्थाचे आहे. ‘कोचुबेयानस’ हा प्रजातीतला सर्वांत बुटका. तो गाळाच्या सपाट मैदानात राहतो आणि पाऊस झाला की अक्षरशः चिखलाखाली जातो. मेक्सिकोत त्याला ‘हरणाचे खूर’ म्हणतात, कारण तो ओल्या मातीत उमटलेल्या खुराच्या ठशासारखा दिसतो. अधिकृत नाव मात्र कोचुबे या रशियन राजपुत्रावरून पडले. युरोपातील श्रीमंतांचा या झाडांचा सोस एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे, हे त्यावरून दिसते.

‘ब्राव्होआनस’ची कथा वेगळी. सान लुइस पोतोसी राज्यातील छोट्या भागातून या जातीचे शास्त्रीय वर्णन थेट १९९२ मध्ये झाले. नाव दिले गेले ते एलिया ब्राव्हो ओलिस यांच्या सन्मानार्थ. मेक्सिकोतील निवडुंगांचा पाया घालणारा अभ्यास या बाईंनी केला. २००१ मध्ये, शंभरी पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असताना त्यांचे निधन झाले. अशा नव्या जातीबाबत शास्त्रज्ञांपुढे एक पेच असतो. शोधनिबंधात नेमकी जागा लिहावी, तर तो चोरांसाठी नकाशा ठरतो. न लिहावी, तर संरक्षणाची मागणी कशाच्या आधारे करायची? आता मोबाइलवर काढलेल्या फोटोतही ठिकाणाची नोंद राहते. त्यामुळे हौशी भटक्याने कौतुकाने टाकलेला फोटोही तेच काम करू शकतो.

केवळ एरिओकार्पसपुरता हा प्रश्न नाही. २०१५ मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात निवडुंगांच्या १,४७८ जाती तपासल्या गेल्या आणि त्यातील ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. बेकायदा तोड आणि व्यापार हे त्यामागचे एक मोठे कारण. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका संग्राहकाच्या घरातून चिलीच्या अटाकामा वाळवंटातले एक हजाराहून अधिक निवडुंग पकडले होते. त्यातील ८४४ झाडे पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवण्यात आली.

चोर पकडणारा निवडुंग!

यातला विरोधाभास शंभर वर्षांहून जुना आहे. उत्तर मेक्सिकोच्या डोंगरांत राहणाऱ्या रारामुरी आदिवासींमध्ये नॉर्वेचे संशोधक कार्ल लुमहोल्त्झ यांनी १८९० च्या दशकात मुक्काम केला. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अननोन मेक्सिको’ या ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे की हे लोक फिशुरेटसला ‘सुनामी’ म्हणतात (जपानी त्सुनामीशी संबंध नाही). हा निवडुंग सैनिकांना मदतीला बोलावतो आणि तो असेल तिथे चोरांचे काही चालत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मेक्सिकोत त्याच्या मुळातील चिकट द्रव फुटकी भांडी सांधायलाही वापरला जाई. चोरांना अडवणारे हे झाड आज स्वतःच चोरांच्या पिशवीत जाते.

जप्त झालेल्या झाडांचे काय होते?

टेक्सासच्या प्रकरणातली झाडे अल्पाइन येथील सल रॉस स्टेट युनिव्हर्सिटीच्या काचघरात ठेवण्यात आली. ‘मग परत रानात का लावत नाहीत?’ हा प्रश्न साहजिक आहे. पण कोणते झाड कोणत्या टेकडीवरून उपटले हे चोर लिहून ठेवत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणची झाडे एकत्र केली तर तिथल्या मूळ झाडांचा जनुकीय वेगळेपणा मिसळून जातो. काचघरातील कीड, बुरशी सोबत जाण्याची भीती असते. शिवाय मूळ तुटलेले झाड वर्षभर ताजे दिसते आणि मग कोलमडते, कारण साठवलेल्या पाण्यावर ते तेवढे निभावून नेते. विकत घेणाऱ्यालाही म्हणूनच फसवणूक उशिरा कळते.

मागे राहिलेल्या रानाचेही नुकसान होते. एरिओकार्पसचे फळ मधल्या लोकरीत दडून राहते. ते विरले तरी बिया लोकरीत अडकून असतात आणि हळूहळू बाहेर पडतात. जुने झाड उचलले की बियांचा तो साठाही जातो.

कायदा काय सांगतो? भारतात नियम कोणते?

वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटिस’ करार लागू आहे. जवळपास सगळे निवडुंग त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवाना घेऊन व्यापार चालतो. एरिओकार्पसची संपूर्ण प्रजाती मात्र पहिल्या परिशिष्टात, वाघ आणि हत्तीच्या रांगेत आहे. रानातून काढलेल्या झाडाचा व्यावसायिक व्यापार बंदच. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेल्या झाडांना सवलत मिळते, पण कागदपत्रे त्यांनाही लागतात. मेक्सिकोतील संरक्षित यादीतही या जाती आहेत.

भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटिसमधील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आहे. याशिवाय परदेशातून कोणतेही रोप आणायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे. बँकॉकच्या बाजारात घेतलेली कुंडी बॅगेत घालून आणणे हे ‘छोटीशी भेट’ या सदरात बसत नाही. पहिल्या परिशिष्टातील जातींच्या बियाही नियमांतून सुटत नाहीत.

पुण्या-मुंबईत गच्चीवर निवडुंग जमवणारे हौशी आता कमी नाहीत आणि खरेदी बहुतेक मोबाइलवरूनच होते. रोपवाटिकेतले झाड ओळखणे फारसे अवघड नाही. ते स्वच्छ, बांधेसूद असते, मुळे बारीक व भरपूर असतात आणि विक्रेत्याकडे त्याच जातीची लहान-मध्यम अशी सगळ्या मापांची रोपे असतात. याउलट कुंडीशिवाय, जाड मूळ छाटलेले, टवके उडालेले एकच मोठे झाड विकायला असेल आणि ‘कलेक्शन पीस’ म्हणून जादा भाव सांगितला जात असेल, तर ते कुठून आले आणि सायटिसचा कागद आहे का, हे पैसे पाठवण्याआधी विचारावे. कागद नसेल तर झाड जप्त होऊ शकते आणि कारवाई विकणाऱ्यापुरती मर्यादित राहीलच असे नाही.