घरगुती पाळणाघर आणि कागदांचे ओझे

नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या आईला सकाळी उंबरठा ओलांडताना एकच चिंता असते: तान्हे मूल कोणाच्या हाती सोपवावे? एकत्र कुटुंबात आजी असे, काकू असे, आत्या असे. तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मात्र तो रोज उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा शेजारीच सापडते. आळीतील एखादी अनुभवी गृहिणी स्वतःच्या मुलांबरोबर आणखी तीनचार मुले सांभाळू लागते आणि महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेते. अशा घराला आपण पाळणाघर म्हणतो.

या घरावर शासनाची देखरेख असावी काय, आणि असल्यास ती कोणत्या स्वरूपाची असावी? २०१६ साली नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघडकीस आली, तेव्हा हा प्रश्न मोठ्या तीव्रतेने विचारला गेला. अशा प्रसंगी ‘नियम करा’ ही मागणी स्वाभाविकच होय. तथापि नियम कसा करावा याचा विचार करताना, जेथे असे नियम फार पूर्वीपासून आहेत त्या इंग्लंडचा अनुभव पाहणे हितावह ठरेल.

तेथील कायद्याचा उगमही अशाच एका भयंकर प्रकरणात आहे. पैसे घेऊन परक्यांची तान्ही मुले ठेवून घ्यावयाची आणि त्यांची उपासमार करावयाची, असा धंदा एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चालत असे. त्याबद्दल मार्गारेट वॉटर्स नावाच्या स्त्रीला १८७० साली फाशी झाली आणि १८७२ साली अर्भकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, शिशुगृहे आणि मोबदला घेऊन घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा आला. या स्त्रियांना तेथे ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. १९६८ साली या कायद्याची कक्षा आणखी रुंदावण्यात आली.

परंतु नोंदणीचा कायदा झाला म्हणजे सर्वांची नोंदणी झाली असे नव्हे. ब्रायन जॅक्सन आणि सोनिया जॅक्सन यांनी या विषयावरील आपले पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध केले. या अभ्यासासाठी गिरण्या-कारखान्यांच्या गावी पहाटेच्या काळोखात रस्त्यावर उभे राहून, मुलांना कडेवर घेऊन निघालेल्या आया कोणत्या दारी थांबतात हे पाहण्यात आले. सरकारदप्तरी नसलेली अनेक घरे त्यातून उजेडात आली. काही ठिकाणी मुलांची आबाळ होती. तरीही आया तेथेच जात, कारण त्यांना परवडणारे आणि त्यांच्या पाळीच्या वेळी उघडे असणारे दुसरे घर नव्हते.

त्यानंतर देखरेख अधिक कडक होत गेली. १९८९च्या बालक कायद्याने आठ वर्षांखालील मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी आणि वार्षिक तपासणी स्थानिक संस्थांवर सोपविली. २००१ साली हे काम शाळांची तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या मध्यवर्ती संस्थेकडे गेले. २००८ साली जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा एक राष्ट्रीय आराखडा बंधनकारक झाला. त्यात मुलाने गाठावयाची एकोणसत्तर उद्दिष्टे सांगितली होती. आराखड्याचा हेतू चांगला होता: गरिबाच्या मुलालाही पहिल्या पाच वर्षांत उत्तम पाया मिळावा. अडचण अशी की, शंभर मुलांचे, कारकून आणि व्यवस्थापक असलेले शिशुगृह आणि एकटी बाई चालवीत असलेले स्वयंपाकघरालगतचे घर, या दोहोंना मूलतः तोच आराखडा लागू झाला.

त्याचा परिणाम त्या बाईच्या दिवसावर काय झाला हे पाहण्याजोगे आहे. नोंदणीपूर्वी तिची स्वतःची आणि घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाची पूर्वचारित्र्य-तपासणी व्हावयाची. मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवे करावयाचे, विमा उतरावयाचा, खाऊ-जेवण देते म्हणून नगरपालिकेकडेही खाद्यव्यवसायाची नोंद करावयाची. मुलांच्या येण्याजाण्याची वेळ, प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी परवानगी, दिलेल्या मात्रेची नोंद आणि प्रत्येक अपघाताची टिपणी, हे तर रोजचेच. यावर प्रत्येक मुलाच्या प्रगतीचे निरीक्षण आले. मुलाने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला तर ते कोणत्या उद्दिष्टात बसते हे लिहावयाचे आणि छायाचित्र जोडावयाचे. बैठकीच्या शिशुगृहात एक शिक्षिका लिहीत असता दुसरी मुलांकडे पाहते. घरी दुसरी कोणी नसते. म्हणून लिखाण मुलांच्या दुपारच्या झोपेत किंवा ती घरी गेल्यावर रात्री होई, आणि त्या तासांचा मोबदला कोणीच देत नसे.

नियमाची भाषा किती दूरवर पोहोचू शकते याचा एक नमुना २००९ साली बकिंगहॅमशायरमध्ये दिसला. पोलीस खात्यातील दोन मैत्रिणी आळीपाळीने कामावर जात आणि एकमेकींची मुलगी सांभाळीत. पैशाची देवघेव मुळीच नव्हती. परंतु दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ मोबदल्यासाठी मूल सांभाळल्यास नोंदणी आवश्यक होती, आणि परस्परांची मुले सांभाळणे हाही एक मोबदलाच, असा अर्थ लावण्यात आला. लोकांत मोठा गहजब झाला. सरकारला फेरविचार करावा लागला आणि अशा विनामूल्य मैत्रीच्या व्यवस्थेला पुढे सूट मिळाली.

इकडे सांभाळणाऱ्यांची संख्या घटत गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख स्त्रिया हे काम नोंदणी करून करीत होत्या. २०२४ साली त्यांची संख्या तीस हजारांच्याही खाली आली. या घसरणीचा सगळा दोष कागदांवर टाकणे न्याय्य होणार नाही. अपुरी मिळकत, वाढलेले खर्च, लांबलचक कामाचे तास हीही कारणे आहेत. तथापि काम सोडणाऱ्या स्त्रियांनी लिखापढीचा जाच वारंवार बोलून दाखविला आहे. आणि नोंदलेले एक दार बंद झाले म्हणून आईची नोकरी थांबत नाही. ती दुसरे दार शोधते, आणि ते नोंदलेले असेलच असे नाही. ज्या मुलाच्या रक्षणासाठी नियम केला, तेच मूल अशा वेळी नियमाच्या दृष्टीआड जाते.

म्हणून सरसकट सर्व कागद वाईट, असे म्हणण्यात अर्थ नाही. कोणत्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, औषधाची मात्रा केव्हा दिली, मुलाला न्यावयास कोण येणार, या नोंदी मुलाचा जीव वाचवू शकतात. चारित्र्याची तपासणीही तशीच अपरिहार्य. परंतु मूल आनंदात आहे की नाही, बाईच्या मांडीवर ते निर्धास्तपणे टेकते की नाही, हे वहीपेक्षा त्या घरात तासभर बसून अधिक कळते. ते तपासनिसाने डोळ्यांनी पाहावयाचे असते.

इंग्लंडनेही हळूहळू हेच मान्य केले. डेम क्लेअर टिकेल यांच्या २०११ मधील अहवालानंतर, २०१२ साली, एकोणसत्तर उद्दिष्टांची सतरा झाली. २०१४पासून खाद्यव्यवसायाची निराळी नोंदणी करण्याची गरज उरली नाही. २०२१च्या सुधारणेत प्रगतीच्या नोंदींचे लिखाण कमी करण्यावर भर दिला गेला. आणि जानेवारी २०२४पासून घरी मुले सांभाळणाऱ्यांसाठी आराखड्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली. तीनुसार आपली कार्यपद्धती त्यांनी लिहूनच ठेवली पाहिजे असे नाही. पालकांना आणि तपासनिसाला ती नीट समजावून सांगता आली म्हणजे पुरे. मात्र घर आणि संस्था यांत भेद करण्यास २००८पासून पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्यात हजारो घरे हे काम सोडून गेली.

आपल्याकडे २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, आणि २०१८ साली त्यासाठी किमान मार्गदर्शक सूचना निघाल्या. आळीतील गृहिणीचे पाळणाघर हा त्या तरतुदीचा विषय नव्हता. त्याच्यासाठी नियम करावयाचे झाल्यास आस्थापनेची नियमावली उचलून तशीच त्याच्या दारावर चिकटविणे सोपे असले तरी घातक ठरेल. एका साध्या अर्जावर नोंदणी, घरातील माणसांची तपासणी, मुलांच्या संख्येची मर्यादा, प्रथमोपचाराचे शिक्षण, हजेरी-औषध-अपघात यांची एकच वही, आणि वर्षातून एकदोनदा, आगाऊ सूचना न देता, जाणत्या स्त्री-तपासनिसाची भेट, एवढ्याने रक्षणाचे काम पुष्कळसे साधेल. त्यापुढील प्रत्येक कागद मागण्यापूर्वी अधिकाऱ्याने एवढेच पाहावे, की तो लिहिला जात असताना मुलांकडे कोण पाहणार आहे.