पिकासोबत जोडझाडे: कृषी वनीकरण घटकातून शेतकऱ्याला काय मिळते?

आसामच्या चहामळ्यांत झुडपांच्या मधोमध शिरीष कुळातील उंच झाडे असतात. ती कडक ऊन अडवतात, गळलेल्या पानांनी माती सकस करतात आणि मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देतात. झाशीच्या लक्ष्मी गेट भागात राहून शहराबाहेर शेती करणाऱ्या कुटुंबांच्या रानात चहा होत नाही. मात्र मुख्य पिकाला योग्य झाडाची सोबत द्यायची, हे तत्त्व गहू, हरभरा, तीळ आणि उडदालाही लागू पडते.

योजना काय आहे?

राष्ट्रीय कृषी वनीकरण धोरण 2014 मध्ये आले. 2016-17 मध्ये शेतबांधावर झाडे लावण्यासाठी उपअभियान सुरू झाले. 2023-24 पासून हे काम राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या सुधारित कृषी वनीकरण घटकात होते. आता मुख्य भर दर्जेदार रोपे तयार करण्यावर आणि रोपवाटिकांवर आहे. म्हणून जुन्या माहितीपत्रकातील अनुदान गृहीत धरून खर्च करू नये. तांत्रिक मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि रोपांच्या प्रमाणीकरणासाठीची केंद्रीय संस्था झाशीतच, ग्वाल्हेर रस्त्यावर आहे: केंद्रीय कृषी वनीकरण संशोधन संस्था.

रोपाकडे इतके लक्ष का द्यावे?

बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. झाडाचे रोप चुकले तर ते फळ धरण्याच्या वयात कळते. तोवर चार-पाच वर्षे गेलेली असतात. म्हणून रोप मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावे आणि जातीचे नाव लिहिलेली पावती जपून ठेवावी.

लावताना काय पाहावे?

• दिशा: झाशी कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. त्यामुळे भर दुपारची सावली बारा महिने उत्तरेकडे पडते आणि हिवाळ्यात ती लांबते. दक्षिण बांधावरील झाड आपल्याच गव्हावर सावली धरते, उत्तर बांधावरील शेजाऱ्याच्या. लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे.

• आवळा: दोन झाडांत 8 ते 10 मीटर अंतर ठेवावे. सुरुवातीची काही वर्षे मधल्या पट्ट्यात मूग, उडीद किंवा हरभरा घेता येतो. एकाच जातीची बाग लावल्यास फळधारणा कमी होते. एनए-7 सोबत कांचनसारखी दुसरी जात लावावी.

• पाणी: निलगिरीसारखी भराभर वाढणारी झाडे पिकाच्या वाट्याचे पाणी ओढतात. कोरडवाहू रानात ती पिकाला खेटून लावू नयेत.

• छाटणी: खालच्या फांद्या दरवर्षी छाटल्यास पिकाला ऊन मिळते.

अर्ज कुठे करावा?

अंमलबजावणी करणारा विभाग राज्यानुसार वेगळा असतो. आधी जिल्ह्यातील कृषी विभागाच्या कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. जाताना आधार कार्ड, बँक पासबुक आणि जमिनीचा उतारा न्यावा. उत्तर प्रदेशात खतौनी, महाराष्ट्रात सातबारा लागतो.

पुढे झाड तोडता येईल का?

तोडणी आणि वाहतुकीचे नियम झाडाच्या प्रजातीनुसार व राज्यानुसार बदलतात. लाकडासाठी झाड लावणार असाल, तर परवानगी लागते का हे वन विभागाकडे आधीच विचारा. लावलेल्या झाडांची नोंद आणि रोपांची पावती तेव्हा उपयोगी पडते.