सही करण्याआधी, लेकी

बापाची तेरवी आटोपते, पाहुणे पांगतात. संध्याकाळी ओसरीवर भाऊ हळूच विषय काढतो, "ताई, उद्या जरा तालुक्याला जाऊन येऊ. सातबाऱ्यावर नावं लावायची आहेत, तुझी सही लागते." ताई का म्हणून विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सही होते, भाऊ साडीचोळी करतो आणि ती सासरी परत जाते. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे तिला पुढे कधीतरी कळते.

गिरडच्या टेकडीखालची वावरे असोत की वर्धा जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव, ही गोष्ट घरोघरची आहे. म्हणून लेकीच्या वाट्याबद्दल वरच्या कोर्टांनी काय ठरवले, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे.

पूर्वी वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क असे तो मुलाचा. आपल्या महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीलाही तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी बाहेरच राहिल्या. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून देशभराचा कायदा बदलला. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. शेतजमिनीलाही हे लागू झाले.

मग वाद निघाला. बाप 2005 च्या आधीच वारला असेल तर? 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण खंडपीठाने लेकीच्या बाजूने कौल दिला. 9 सप्टेंबर 2005 रोजी मुलगी हयात असली पाहिजे, असे त्याने म्हटले. पण 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी बापही हयात हवा, असे सांगितले. 2018 च्या निकालात पुन्हा सूर बदलला. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा खटल्यात हा गुंता सोडवला. लेकीचा हक्क जन्माने येतो. 2005 साली बाप हयात होता की नव्हता, याला महत्त्व नाही. गिरडचा दावा उद्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तरी तिथे हाच निकाल लागू होईल.

मात्र जुने सगळेच उकरून काढता येत नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी केलेल्या कागदाने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी कायम राहते. त्याआधी विकलेली जमीनही परत मागता येत नाही. पण "आमची वाटणी तोंडी कधीच झाली होती" एवढे म्हणून भागत नाही. त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

हिशेब कसा होतो तो पाहू. वडिलोपार्जित बारा एकर जमीन आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. आजी हयात नाही. आधी बापासह पाच सारखे हिस्से धरायचे. मग बापाचा हिस्सा उरलेल्या चौघांत सारखा वाटायचा. म्हणजे आई, मुलगा आणि दोन्ही मुली, प्रत्येकाला तीन एकर. बापाने स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन वेगळी; ती त्याला मृत्युपत्राने हव्या त्याला देता येते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना आहे. मुसलमान कुटुंबांचा वारसा त्यांच्या कायद्याने ठरतो.

आता भावाची बाजूही ऐकली पाहिजे. ऊनपाऊस अंगावर घेऊन पऱ्हाटी त्यानेच उभी केली, सोसायटीचे कर्ज त्याने फेडले, आईचे दुखणेखुपणे त्याने पाहिले. त्याच्या मनात कालवाकालव होणे साहजिक आहे. आणि हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही बहिणीची भीतीही खोटी नाही. पण कायदा हिश्श्याबरोबर जबाबदारीही लेकीवर टाकतो. तेव्हा कर्ज किती, खर्च कोणी केला, हे सगळे एकत्र बसून मांडता येते. बहिणीने आपखुशीने हिस्सा सोडला, तर कायदा आड येत नाही. मात्र काय सोडते आहे, हे तिला माहीत हवे.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. वारसनोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंदीत तुमचे नाव लागते, हक्कसोडीत हक्क जातो. नुसत्या फेरफारात नाव नाही म्हणून मालकी बुडत नाही, पण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मोडणे फार कठीण. फसवून सही घेतली म्हणून दावा लावता येतो, पण ते शाबीत करता करता वर्षे जातात. म्हणून कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि नक्कल मागा.

आणि भाऊरायांनो, बहिणीला आधी सांगा, मग कागद पुढे करा. कोर्टाच्या चकरांत एका पिढीचे वावर आणि दोन पिढ्यांची भाऊबीज जाते. समजून केलेल्या सहीने दोन्ही राहतात.