अ‍ॅशबर्टन, सन १९३५ : घरातली ब्रिटिश आगगाडी आणि तारखेचा प्रश्न

ग्वाल्हेरात जयविलास महाल पाहून आलेला पाहुणा माझ्या माडीवरच्या खोलीत शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे त्या चांदीच्या गाडीसारखंच का हे?" जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ, त्यावर विजेवर चालणारी चांदीची गाडी, वाघिणींत काचेच्या सुरया. सुरई उचलली की गाडी थांबते, जागेवर ठेवली की पुढे सरकते. गंमत मोठी आहे, कारागिरीही आहे. पण ती गाडी कुठल्या गावाहून कुठल्या गावाला निघाली आहे, आणि साल कोणतं, असं तिला विचारता येत नाही. माझ्या टेबलावरच्या गाडीला ते विचारता येतं, आणि उत्तर चुकलं तर जाणकार माणूस चूक बोट ठेवून दाखवू शकतो. फरक एवढाच आहे, पण आपल्या मंडळाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा.

माझ्या खोलीत आहे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं अ‍ॅशबर्टन हे छोटं शेवटचं स्थानक. टॉटनेसहून निघून डार्ट नदीच्या काठानं बकफास्टलीवरून इथवर येणारा हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा एक फाटा. एकच फलाट, त्यावर आरपार लाकडी छप्पर, पलीकडे मालधक्का आणि इंजिनाची एक लहानशी शेड. ब्रिटनमधल्या हौशी लोकांत असली फाट्याची टोकं फार लोकप्रिय आहेत. कारण सरळ आहे. दिल्ली-मुंबईसारखी मोठी स्थानकं घरात मावत नाहीत. शेवटच्या छोट्या स्थानकात मात्र एक इंजिन, दोन डबे आणि दहा-बारा वाघिणी एवढ्यावर सगळा दिवस खराखुरा उभा करता येतो.

स्थानक ठरलं की साल ठरवावं लागतं, आणि इथून हे काम खेळण्याचं राहत नाही. हा फाटा १८७२ साली सुरू झाला तेव्हा इथं ब्रुनेलचं सात फुटी रुंद गेज होतं. मे १८९२ मध्ये एका शनिवार-रविवारी त्या भागातले उरलेसुरले रुंद रूळ सरकवून चार फूट साडेआठ इंचांवर आणले गेले. म्हणजे स्थानक तेच, छप्पर तेच, पण १८९० आणि १९०० साठी वेगळे रूळ टाकावे लागतात. मी १९३५ निवडलं. या फाट्यावर धावणारी ती लहान टाकीवाली इंजिनं ग्रेट वेस्टर्ननं १९३२ पासून बांधली, त्यांना ४८०० पासूनचे क्रमांक होते. १९४६ मध्ये तेच बदलून १४०० पासूनचे झाले. बाजारात तयार मिळणाऱ्या प्रतिकृतींवर बहुधा १४ नं सुरू होणारा आकडा असतो. तो तसाच ठेवून शेजारी १९३५ ची मोटार उभी केली, की अकरा वर्षांचा घोळ झाला. इंजिनाच्या टाकीवरची अक्षरंही तारीख सांगतात. १९३४ पासून कंपनीनं तीन अक्षरं गुंफलेलं गोल चिन्ह वापरलं, लोक त्याला शर्टाचं बटण म्हणत. १९४२ नंतर ते गेलं, आणि १९४८ ला सगळ्याच कंपन्या सरकारच्या झाल्यावर ब्रिटिश रेल्वे आली. आपण नाण्यावरून, मोडी कागदावरच्या शिक्क्यावरून काळ ठरवतो, त्यातलाच हा प्रकार.

मालाच्या वाघिणींत तर आणखी मजा आहे. नवखा माणूस हौसेनं सगळ्या वाघिणी ग्रेट वेस्टर्नच्याच घेतो. दिसायला छान, पण खोटं. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वाघिणी सगळ्या कंपन्यांमध्ये फिरत्या झाल्या. बाकीच्या दोन मोठ्या कंपन्यांकडे वाघिणी पुष्कळ जास्त होत्या, त्यामुळे ग्रेट वेस्टर्नच्या धक्क्यावरही परक्या नावांची गर्दी असे. कोळशाच्या वाघिणी बऱ्याचदा रेल्वेच्या नसतच. खाणवाल्याच्या किंवा गावातल्या कोळसा व्यापाऱ्याच्या मालकीच्या, त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं. १९३९ ला युद्ध पेटताच त्या सरकारी वापरात ओढल्या गेल्या आणि ती रंगीत नावं हळूहळू पुसली गेली. म्हणून १९३५ च्या धक्क्यावर कोणाची वाघीण उभी करायची, हा प्रश्न शेवटी त्या गावात कोळसा कोण विकत होता इथवर जातो. त्यासाठी जुन्या व्यापारी नामावळ्या बघाव्या लागतात.

आता एक कबुलायोग्य खोटेपणा, जो मी एकटा नाही, जवळजवळ सगळेच करतात. ब्रिटनमध्ये घरगुती रेल्वेचं सर्वांत चालणारं माप आहे ओओ : खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७६ पट लहान. या हिशेबानं चार फूट साडेआठ इंचांचे रूळ १८.८३ मिलिमीटर अंतरावर हवेत. प्रत्यक्षात ओओचे रूळ १६.५ मिलिमीटरवर असतात. हे १६.५ आलं युरोप-अमेरिकेच्या साडेतीन मिलिमीटरच्या मापातून. ब्रिटनचे बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनं युरोपातल्यापेक्षा अंगानं लहान. त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग वरचं अंग चार मिलिमीटरनं मोठं केलं आणि रूळ होते तेवढेच ठेवले. परिणाम असा की आमची इंजिनं खऱ्याच्या हिशेबात चार फूट दीड इंचाच्या रुळांवर धावतात, सात इंच कमी! समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या जाड्या माणसासारखी दिसतात. काही कडवे लोक १८.२ किंवा थेट १८.८३ वर सगळी चाकं नव्यानं बसवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण एवढी चाकं बदलण्याइतकं आयुष्य माझ्याजवळ उरलेलं नाही. मी १६.५ वरच आहे.

लांबीचंही तसंच. चार मिलिमीटरच्या मापात एक मैल म्हणजे एकवीस मीटर. पाव मैलाचं स्थानकाचं आवार सव्वापाच मीटर घेईल. आमच्या लष्करातल्या जुन्या घरांच्या खोल्या एवढ्या लांब कुठून असणार? मग आवार आखडून घ्यावं लागतं, आणि काय आखडायचं हा निर्णय इतिहासाचाच असतो. मी मोकळ्या रुळाची लांबी कापली, पण इमारतींना हात लावला नाही. वळणाची लबाडी याहून मोठी आहे. तयार मिळणाऱ्या वळणाच्या रुळांत नेहमीची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्यात जेमतेम ११० फूट. एवढ्या वळणावर खरी प्रवासी गाडी कोणी नेणार नाही. म्हणून असली वळणं पडद्यामागे लपवायची आणि डोळ्यांसमोर रूळ ऐसपैस ठेवायचे.

गाडी चालवणं ही निराळी विद्या. दोन्ही रुळांतून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह जातो, एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपासून तोडलेली असतात, प्रवाहाची दिशा उलटवली की इंजिन उलटं चालतं. हॉर्नबीनं १९३८ मध्ये ओओच्या गाड्या काढल्या तेव्हा मधोमध तिसरा रूळ असे. वायरिंग सोपं, पण खऱ्या ब्रिटिश रेल्वेसारखं अजिबात न दिसणारं. आता इंजिनात चिप बसवून एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. पण माझ्याकडे येणारी मुलं काय करतात? बटण पूर्ण फिरवतात आणि फाट्यावरची बिचारी गाडी राजधानी एक्सप्रेस होते. ताशी ३० मैलांचा वेग या मापात सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर येतो. एक मीटर जायला पावणेसहा सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ घेऊन बसा, फार सावकाश वाटतं. खऱ्या माणसांना ती गाडी तेवढीच सावकाश वाटत असणार.

या फाट्याची आणखी एक खासियत. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून पुढे आणायचा खटाटोप नको म्हणून इंजिन एकाच टोकाला राही आणि परतताना डबा ढकलत जाई. ड्रायव्हर तेव्हा डब्याच्या पुढच्या खोलीत बसून दांड्यांच्या साहाय्यानं इंजिनाची वाफ कमी-जास्त करी, फायरमन मागे इंजिनावर एकटा. आणि सिग्नल : ग्रेट वेस्टर्नच्या सिग्नलचा हात रस्ता मोकळा झाला की खाली पडे, इतर बऱ्याच ब्रिटिश कंपन्यांनी पुढे वर उचलणारे हात घेतले. आपल्याकडची जुनी माणसं "सिग्नल पडला, गाडी येतेय" म्हणतात, ते याच जातीच्या सिग्नलमुळे.

सामानाबद्दल थोडक्यात. खाली नऊ मिलिमीटरचं प्लायवूड, त्याला मागून लाकडी पट्ट्या. आमच्या उन्हाळ्यात रूळ फुगतात, म्हणून सांध्यांत थोडी फट ठेवायचीच. इंजिन विकत मिळतं, पण काही वाघिणी मी पातळ पितळी पत्र्याच्या कोरीव भागांतून घडी घालून, सोल्डर करून जोडल्या. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली बारीक कच. जमिनीला वाळवलेली चहापत्ती आणि रंगवलेला भुसा. ही ब्रिटिश हौशी लोकांची फार जुनी युक्ती आहे, आमच्या घरी चहापत्तीचा तुटवडा नाही. वाघिणीतला कोळसा मात्र खराच, खलबत्त्यात कुटलेला. शत्रू एकच, धूळ. ग्वाल्हेरची धूळ रुळावर बसली की प्रवाह तुटतो, म्हणून चालवण्यापूर्वी प्रत्येक वेळी स्पिरिटचा बोळा फिरवावा लागतो.

आता मंडळी विचारतात, साता समुद्रापलीकडचं स्थानक कशाला, आपलं का नाही? उत्तर लाजिरवाणं आहे. अ‍ॅशबर्टन बांधता येतं, कारण त्याची मापं आहेत. वाफेच्या काळातल्या ब्रिटिश हौशी लोकांनी खिडकीच्या चौकटीपासून सिग्नलच्या खांबापर्यंत मोजून, फोटो काढून, नकाशे छापून ठेवले. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन १९२० च्या दशकात ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडल्या खेड्यांत आला. तिथली गवती छपरं उतरून नवी चढताना पाहून त्यानं घरं एकेक मोजली आणि पुठ्ठ्यात चार मिलिमीटरच्या मापानं उभी करायला घेतली. त्यातून लाँग विटनहॅम गावी पेंडन संग्रहालय झालं. तिथं आजही १९३० च्या दशकातला तो परिसर रेल्वेसकट पाहता येतो. इमारती गेल्या, मापं उरली.

अ‍ॅशबर्टनचंही तेच झालं. प्रवासी गाडी नोव्हेंबर १९५८ ला बंद झाली, मालगाडी १९६२ ला. १९६९ मध्ये हौशी लोकांनी या फाट्यावर पुन्हा वाफेची गाडी सुरू केली. आणि उद्घाटनाला कोण, तर ज्यांच्या १९६३ च्या अहवालानं देशभरचे असे शेकडो फाटे बंद पडले ते डॉ. बीचिंग! पण बकफास्टली ते अ‍ॅशबर्टन हा शेवटचा तुकडा १९७१ मध्ये महामार्ग रुंद करताना कायमचा गेला. लाकडी छपराखाली पुढे मोटारींचं गॅरेज चाललं. आज तिथं गाडीनं पोचायचा रस्ता कोणत्यातरी घरातल्या टेबलावरूनच जातो.

आपली छोटी लाईन आठवा. माधवराव महाराजांच्या हौसेतून वाढलेली दोन फुटी गेजची ग्वाल्हेर लाईट रेल्वे. भिंडचा फाटा ब्रॉडगेज झाला, शिवपुरीचा केव्हाच बंद पडला, आणि श्योपुर कलाँपर्यंतची सुमारे २०० किलोमीटरची लाईन मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेजचं काम चालू आहे. चार मिलिमीटरच्या मापात दोन फूट म्हणजे आठ मिलिमीटर. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ आणि त्यावर चालणारी यंत्रं सहज मिळतात, ब्रिटनमधले लोक वेल्सच्या नॅरोगेज लाईनींसाठी तीच वापरतात. म्हणजे अडचण रुळांची नाही. अडचण ही की स्थानकाचा दरवाजा किती रुंद होता, डब्याची खिडकी जमिनीपासून किती उंच, छतावर बसणाऱ्यांनी धरायची पट्टी कशी होती, हे कुठं लिहिलेलं सापडत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी टेप आणि फूटपट्टीसारखी रंगवलेली एक काठी घेऊन अजून उभं असलेलं एक छोटं स्थानक मोजलं. काठी भिंतीला टेकवून फोटो काढला की माप फोटोतच येतं, ही पद्धत ब्रिटिश मासिकांतूनच उचलली. दीड दिवस लागला. अशी आणखी काही स्थानकं पडायच्या आत मोजायची आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी या लाईनवरचा फोटो असेल, वऱ्हाड चढताना, बदलीच्या निरोपाचा, शाळेच्या सहलीचा, कसाही, तर माणसांच्या मागे पाहा. डब्याची बाजू, वाघिणीवरचा आकडा, फलाटावरची पाटी, यांतलं काहीही दिसत असेल तर त्याची प्रत मंडळाकडे द्यावी, आणि फोटोमागे साल लिहिलेलं असेल तर ती बाजूही.